जस्त उडवू नका: एनडीएम-१ची स्फटिकरचना डॉकिंगआधी कशी तपासायची

एम. फार्म. आणि एम. एस्सी.च्या प्रबंधांमध्ये एनडीएम-१ या, जिवाणूंना अँटिबायोटिकांपासून वाचवणाऱ्या एन्झाइमवर केलेलं डॉकिंग (रेणू प्रथिनाच्या रचनेत कुठे व कसा बसेल याचा संगणकी अंदाज) मी बरीच वर्षं वाचतोय. बहुतेकांची कार्यपद्धती एका वाक्यात मावते: ‘पीडीबीतून रचना उतरवली, पाणी व हेटॅटम काढले, हायड्रोजन घातले, डॉकिंग केलं.’ (पीडीबी म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा खुला साठा; हेटॅटम म्हणजे त्या फाइलमधले नेहमीच्या अमिनो आम्लांखेरीजचे अणू.) यातल्या दुसऱ्याच पायरीला एन्झाइम मेलेलं असतं. एनडीएम-१ पेनिसिलिनपासून मेरोपेनेमपर्यंतची औषधं फोडतं ते दोन जस्ताच्या अणूंच्या जोरावर, आणि पीडीबी फाइलमध्ये ते दोन्ही अणू हेटॅटमच्या ओळींत बसलेले असतात. पाणी काढायला गेलेला विद्यार्थी जस्तही काढून बसतो. पुढचे तीन महिने तो एका रिकाम्या खड्ड्यात रेणू टाकत राहतो.

एका तोंडी परीक्षेत मी विचारलं, ‘जस्त कुठे गेलं?’ उत्तर आलं, ‘सर, सॉफ्टवेअरनंच काढलं.’ खरंच सॉफ्टवेअरनं काढलं होतं, कारण बटण तेच होतं. वाईट एवढंच की स्कोअर (रेणू किती घट्ट बसेल याचा सॉफ्टवेअरचा आकडा, जितका उणे तितका चांगला) चांगला आला होता. खड्डा मोकळा झाल्यावर मोठे रेणू मजेत आत बसतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

खालचा क्रम एनडीएम-१साठी लिहिला आहे. व्हिम, आयएमपी या जस्तवाल्या भावंडांनाही तो जवळपास तसाच लागू पडतो. केपीसी-२ किंवा ऑक्सा-४८ या तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमांत जस्त नसतं, तिथे सहावी पायरी गाळा. बाकी सगळं करा.

## सुरुवातीआधी

कायमेरा-एक्स किंवा पायमॉल यांपैकी एक, इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा बघायला कूट, आणि डॉकिंगचं तुमचं नेहमीचं सॉफ्टवेअर एवढं पुरतं. साधा लॅपटॉप चालतो. पहिल्या खेपेला पूर्ण दोन दिवस राखून ठेवा. दुसऱ्या खेपेला हेच काम अर्ध्या दिवसात होतं.

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर प्रश्न लिहा. ‘एनडीएम-१वर डॉकिंग करायचं आहे’ हा प्रश्न झाला नाही. ‘थायॉल गट (गंधक-हायड्रोजनची जोडी) असलेला रेणू दोन जस्तांच्या मध्ये बसू शकतो का?’ हा प्रश्न आहे. ‘मेरोपेनेम कसं फुटतं?’ हा दुसरा. दोन्हींसाठी वेगळी रचना लागते, पाण्याचा निर्णयही वेगळा होतो.

## १. प्रश्नाला साजेशी रचना निवडा

पीडीबीत एनडीएम-१ शोधलं की लांबलचक यादी येते. मुलं पहिली दिसेल ती उचलतात, किंवा आधीच्या प्रबंधात होती ती. यादीतल्या या चार नोंदी आधी पाहा (अँगस्ट्रॉममधला आकडा म्हणजे रिझोल्युशन, जितका लहान तितकी रचना स्पष्ट):

- ३क्यू६एक्स: १.३० अँगस्ट्रॉम. आत अँपिसिलिन आहे, पण फुटलेलं.
- ४एचएल२: १.०५ अँगस्ट्रॉम. इथेही फुटलेलं अँपिसिलिन. इतक्या स्पष्ट रचना थोड्याच असतात.
- ४ईवायएल: १.९० अँगस्ट्रॉम. फुटलेलं मेरोपेनेम.
- ४ईएक्सएस: एल-कॅप्टोप्रिल, म्हणजे खराखुरा अवरोधक. त्याचा गंधक दोन जस्तांच्या मध्ये शिरलेला दिसतो.

पहिल्या तीन नोंदींमध्ये ‘फुटलेलं’ हा शब्द आहे, त्यावर बोट ठेवा. स्फटिक वाढायला दिवस लागतात आणि एन्झाइम तेवढा वेळ थांबत नाही. ते आपलं काम उरकतं आणि उरलेलं उत्पादन धरून बसतं. म्हणजे या रचना काम झाल्यानंतरचे फोटो आहेत. अँपिसिलिनचं रेणुभार ३४९ आहे. ३क्यू६एक्समधल्या झेडझेड७ या लिगँडचं (एन्झाइमला धरून बसलेल्या रेणूचं) ३६७ भरतं, कारण त्यात पाण्याचा एक रेणू जोडला गेला आहे आणि बीटा-लॅक्टम कडं (या औषधांतलं चार अणूंचं कडं) उघडलं आहे.

थायॉल किंवा दुसरा अवरोधक तपासायचा असेल तर ४ईएक्सएसपासून सुरुवात करा. बीटा-लॅक्टमसारखा रेणू असेल तर ३क्यू६एक्स किंवा ४ईवायएल घ्या. शक्य असेल तर दोन रचना घेऊन दोन्हींवर करा. एकाच रचनेवर आलेला निकाल बऱ्याचदा त्या रचनेचाच गुण असतो.

सावधान: कॅडमियम किंवा मँगनीज घालून वाढवलेल्या एनडीएम-१च्या रचनाही यादीत आहेत. नोंदीच्या पानावर धातूचं नाव वाचल्याशिवाय फाइल उतरवू नका. कॅडमियम आकारानं मोठं असतं आणि त्याची अंतरं जस्ताला लागू होत नाहीत.

सावधान: रुग्णालयांत आज एनडीएम-५ बरंच सापडतं. एनडीएम-१पेक्षा ते दोनच जागी वेगळं आहे: ८८व्या जागी व्हॅलिनऐवजी ल्युसिन आणि १५४व्या जागी मेथिओनिनऐवजी ल्युसिन. जस्ताला धरणाऱ्या सहा अमिनो आम्लांत हे दोन्ही बदल येत नाहीत. तरी एनडीएम-१वर काम करून शीर्षकात एनडीएम-५ लिहू नका.

## २. व्हॅलिडेशन अहवाल वाचा

प्रत्येक नोंदीसोबत एक पीडीएफ असते. ती उघडलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. दहा मिनिटं लागतात.

आधी रिझोल्युशन. १.५ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर अणू वेगवेगळे दिसतात. २च्या आसपास बाजूच्या साखळ्या आणि बहुतेक पाणी विश्वासानं ठेवता येतं. २.८च्या पुढे पाण्याच्या प्रत्येक रेणूकडे संशयानं बघा.

मग आर-वर्क आणि आर-फ्री, म्हणजे मॉडेल मोजमापांपासून किती चुकतं याचे आकडे. मोजलेल्या परावर्तनांपैकी साधारण ५ टक्के बाजूला ठेवून, मॉडेल त्यांनाही लागू पडतं का हे आर-फ्री सांगतो. २ अँगस्ट्रॉमच्या चांगल्या रचनेत तो ०.२० ते ०.२५च्या दरम्यान असतो. दोन्हींतला फरक ०.०७च्या वर गेला तर मॉडेल आकड्यांवर ओढूनताणून बसवलं असण्याची शक्यता धरा.

त्यानंतर थेट लिगँडच्या तक्त्यावर जा. तिथे आरएससीसी नावाचा रकाना आहे, म्हणजे रेणू नकाशाशी किती जुळतो याचा आकडा. ०.९५च्या आसपास असेल तर उत्तम. ०.८च्या खाली असेल तर त्या रेणूच्या स्थितीवर तुमचा प्रबंध उभा करू नका.

पडताळणी: वहीत चार आकडे लिहिले का? रिझोल्युशन, आर-वर्क, आर-फ्री, लिगँडचा आरएससीसी. नसतील तर पुढे जाऊ नका.

## ३. नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी बघा

स्फटिकशास्त्रज्ञाला दिसते ती इलेक्ट्रॉनांची घनता. अणू त्यात नंतर बसवलेले असतात, आणि बसवणारा माणूसच असतो. ज्या रेणूवर तुमचं काम अवलंबून आहे तो खरोखर नकाशात आहे का, हे स्वतः बघा.

कूट उघडा आणि पीडीबी क्रमांक देऊन रचना व नकाशे दोन्ही मागवा. निळा नकाशा १ ते १.५ सिग्मावर (नकाशातल्या चढउताराच्या प्रमाणात मोजलेली पातळी) ठेवा. फरकाचा नकाशा ३ सिग्मावर ठेवा. त्यात हिरवा रंग म्हणजे ‘इथे काहीतरी आहे, मॉडेलमध्ये नाही’, लाल म्हणजे ‘मॉडेलमध्ये आहे, पण पुरावा नाही’. इन्स्टॉल करायचा कंटाळा असेल तर आरसीएसबीच्या पानावरच मोल-स्टारमध्ये नकाशा दिसतो.

आधी दोन जस्त शोधा. जस्तात इलेक्ट्रॉन भरपूर असतात, त्यामुळे नकाशा ५ किंवा ६ सिग्मापर्यंत वर नेला तरी ते ठळक गोळे राहतात. गोळा फिका पडला असेल तर तिथे जस्ताची ऑक्युपन्सी कमी आहे, म्हणजे स्फटिकातल्या सगळ्या रेणूंत ते नव्हतं. फाइलमधला ऑक्युपन्सीचा आकडा बघून खात्री करा.

मग लिगँड. निळी जाळी त्याला सगळीकडून गुंडाळते का? शेपटीकडचा भाग जाळीबाहेर लोंबत असेल तर तो भाग स्फटिकात हलत होता. तिथल्या अणूंची जागा हा बसवणाऱ्याचा अंदाज आहे.

बी-फॅक्टर म्हणजे अणू आपल्या जागेभोवती किती थरथरतो याचा फाइलमधला आकडा. त्याचं इथे एकदा गणित करून ठेवा, नंतर कामाला येतं. बी हा थरथरीच्या सरासरी वर्गाच्या सुमारे ७९ पट असतो. म्हणून बी २० असेल तर अणू साधारण अर्धा अँगस्ट्रॉम हलतोय. बी ८० असेल तर पूर्ण एक अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम हलणाऱ्या अणूशी २.९ अँगस्ट्रॉमचा हायड्रोजन बंध ‘आढळला’ असं दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेलं पाहिलं की मला हसू येतं.

## ४. क्रमांक जुळवून घ्या

ही पायरी छोटी आहे, पण इथली चूक शेवटपर्यंत सापडत नाही.

जस्तवाल्या बीटा-लॅक्टमेजांसाठी (बीटा-लॅक्टम कडं फोडणाऱ्या एन्झाइमांसाठी) दोन क्रमांकपद्धती चालतात. एक म्हणजे त्या-त्या एन्झाइमच्या स्वतःच्या क्रमातला आकडा. दुसरी बीबीएल नावाची, सगळ्या कुटुंबाला एकच क्रमांक देणारी. एकाच अमिनो आम्लाला एका निबंधात लायसिन-२११ म्हणतात, दुसऱ्यात लायसिन-२२४. एनडीएम-१साठी जोड्या अशा आहेत, पहिला आकडा एनडीएमचा आणि दुसरा बीबीएलचा:

- हिस्टिडीन १२० – ११६
- हिस्टिडीन १२२ – ११८
- अ‍ॅस्पार्टेट १२४ – १२०
- हिस्टिडीन १८९ – १९६
- सिस्टीन २०८ – २२१
- लायसिन २११ – २२४
- अ‍ॅस्पॅराजीन २२० – २३३
- हिस्टिडीन २५० – २६३

१२० हा आकडा दोन्हीकडे आहे, पण एकीकडे हिस्टिडीन आणि दुसरीकडे अ‍ॅस्पार्टेट. ‘१२० नंबरशी बंध’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

आणखी एक. पूर्ण एनडीएम-१ २७० अमिनो आम्लांचं असतं, पण सुरुवातीचा तुकडा जिवाणू कापून टाकतो आणि २६व्या सिस्टीनला चरबीची साखळी जोडून एन्झाइम बाहेरच्या आवरणात रोवतो. स्फटिकं विद्राव्य रूपाची असतात, म्हणून सुरुवात गायब दिसते. ती ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. मध्येच एखादा तुकडा गायब असेल तर मात्र लक्ष द्या. फाइलच्या वरच्या भागात रिमार्क ४६५मध्ये नसलेली अमिनो आम्लं आणि रिमार्क ४७०मध्ये नसलेले अणू लिहिलेले असतात.

## ५. काय ठेवायचं, काय काढायचं

सगळे हेटॅटम एका झटक्यात काढण्याची सवय मोडण्यासाठी मी एक नियम करतो: काढण्याआधी यादी. फाइलमधल्या हेटॅटमच्या प्रत्येक नावापुढे ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ लिहा आणि त्यापुढे कारण.

चेन. ३क्यू६एक्समध्ये असममित एककात, म्हणजे फाइलमध्ये दिलेल्या स्फटिकाच्या मूळ तुकड्यात, प्रथिनाच्या दोन प्रती आहेत, ए आणि बी. डॉकिंगसाठी एकच हवी. कोणती, हे नकाशावरून ठरवा. जिथे लिगँड आणि सक्रिय जागेजवळचे लूप (प्रथिनाच्या साखळीचे सैल वळसे) जास्त स्पष्ट असतील ती घ्या. ‘ए आधी येते म्हणून ए’ हे कारण चालत नाही, पण ए खरंच चांगली निघाली तर उत्तम.

बफरचं सामान. ग्लिसरॉल, इथिलीन ग्लायकॉल, सल्फेट, अ‍ॅसिटेट ही सगळी स्फटिक वाढवताना किंवा गोठवताना घातलेली असतात. हे काढा. त्याआधी एकदा बघा: सल्फेट किंवा अ‍ॅसिटेट सक्रिय जागेत लायसिन-२११जवळ बसलं असेल, तर ऋण भाराला तिथे ओढ आहे ही माहिती फुकटात मिळाली.

दुहेरी स्थिती. काही बाजूच्या साखळ्या ए आणि बी अशा दोन स्थितींत दिलेल्या असतात. जास्त ऑक्युपन्सी असलेली ठेवा. दोन्ही ठेवल्या तर एकाच जागी दोन अणू बसतात आणि सॉफ्टवेअर चुपचाप त्यातला एक उचलतं.

पाणी. सक्रिय जागेपासून दूरचं सगळं पाणी काढा. आतलं एकेक बघा: बी-फॅक्टर शेजारच्या अणूंइतका आहे का? प्रथिनाशी किमान दोन बंध आहेत का? दोन्ही असतील तर ‘ठेवा किंवा तपासा’ या रकान्यात टाका. जस्तांच्या मधल्या पाण्याचा निर्णय पुढच्या पायरीत.

सावधान: ऑक्सा-४८ करणाऱ्यांसाठी. त्यात ७३व्या जागचं लायसिन कार्बन डायऑक्साइड जोडून कार्बॉक्सिलेट झालेलं असतं आणि फाइलमध्ये केसीएक्स या नावानं हेटॅटममध्ये येतं. हेटॅटम उडवले की प्रथिनाच्या साखळीतच भोक पडतं, तेही नेमकं सक्रिय जागेत. सेलेनियमवाल्या मेथिओनिनचंही असंच होतं.

## ६. जस्त

इथे घाई करू नका. एनडीएम-१मध्ये दोन जागा आहेत.

झिंक-१: हिस्टिडीन १२०, १२२ आणि १८९.
झिंक-२: अ‍ॅस्पार्टेट १२४, सिस्टीन २०८ आणि हिस्टिडीन २५०.

६.१ अंतरं मोजा. जस्त ते नायट्रोजन २.० ते २.१, जस्त ते ऑक्सिजन २.०च्या आसपास, जस्त ते गंधक २.३. सहाही अंतरं मोजून वहीत लिहा. एखादं २.६च्या पुढे असेल तर नकाशाकडे परत जा. चेकमायमेटल नावाची सेवा हीच तपासणी ऑनलाइन करून देते, पण पहिल्यांदा हातानं करा.

६.२ दोन जस्तांमधलं अंतर मोजा. ३क्यू६एक्समध्ये ते सुमारे ४.६ अँगस्ट्रॉम आहे. मग हेच अंतर ४ईएक्सएसमध्ये मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. मध्ये काय बसलंय यावर हे अंतर बदलतं, आणि कडक रिसेप्टर (न हलणारं प्रथिन) धरणारं डॉकिंग ते बदलू देत नाही. रचना निवडताना प्रश्न आधी लिहायला सांगितला तो यासाठी.

६.३ मधल्या पाण्याचं ठरवा. आत औषध शिरलेलं नसताना, विसाव्यातल्या एन्झाइममध्ये दोन जस्तांना जोडणारा एक ऑक्सिजन असतो. कडं फोडणारा हल्ला त्याच्याकडूनच होतो, आणि तो पाणी नसून हायड्रॉक्साइड मानला जातो. १.९ अँगस्ट्रॉमच्या रचनेत हायड्रोजन दिसत नाही, त्यामुळे नकाशा बघून हा फरक सांगता येत नाही. तुमचा रेणू बीटा-लॅक्टम असेल तर हा ऑक्सिजन ठेवा. थायॉल असेल तर काढा, कारण गंधक त्याची जागा घेतो. माहीतच नसेल तर दोन रिसेप्टर बनवा, एक त्याच्यासह आणि एक त्याच्याशिवाय, आणि दोन्ही निकाल द्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

६.४ भार तपासा. तयार झालेली रिसेप्टर फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, जस्ताच्या दोन ओळी शोधा आणि शेवटचे रकाने वाचा. तयारी करणारी काही साधनं जस्तावर शून्य भार टाकतात. ऑटोडॉक व्हिना हा रकाना वापरतच नाही, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. ऑटोडॉक-४ वापरत असाल तर पडतो. शून्य दिसलं तर ते तुमच्या पद्धतीला हवं म्हणून आहे की साधन विसरलं म्हणून, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. जस्तासाठी ऑटोडॉकचे खास पॅरामीटर २०१४पासून उपलब्ध आहेत. जस्ताभोवतीची चतुष्फलकी मांडणी (चार त्रिकोणी बाजूंच्या सुळक्यासारखी) ते लक्षात घेतात. एनडीएमसाठी ते वापरणं मला साध्या व्हिनापेक्षा रास्त वाटतं.

पडताळणी: तयार फाइलमध्ये ‘झेडएन’ हे जस्ताचं चिन्ह शोधा. दोन ओळी आल्या पाहिजेत. एक आली, शून्य आल्या किंवा चार आल्या, तर पाचव्या पायरीकडे परत. चार आल्या म्हणजे दोन्ही चेन आत राहिल्या आहेत.

## ७. हायड्रोजन घाला, पण जस्त जागेवर असताना

क्रम महत्त्वाचा आहे. जस्त काढून हायड्रोजन घातले आणि जस्त नंतर परत ठेवलं, तर सॉफ्टवेअर जस्त बसायच्या जागीच हायड्रोजन ठेवून मोकळं होतं.

हिस्टिडीनच्या कड्यात दोन नायट्रोजन असतात, डेल्टा आणि एप्सिलॉन. जस्ताला धरणाऱ्या नायट्रोजनवर हायड्रोजन असू शकत नाही. एनडीएम-१मध्ये:

- हिस्टिडीन १२०, १८९ आणि २५० एप्सिलॉन नायट्रोजननं जस्त धरतात. हायड्रोजन डेल्टावर.
- हिस्टिडीन १२२ उलटा आहे. तो डेल्टानं धरतो. हायड्रोजन एप्सिलॉनवर.

हा १२२ हमखास चुकतो. चारही एकाच साच्यात टाकले की त्याचा हायड्रोजन थेट झिंक-१मध्ये घुसतो.

सिस्टीन २०८वर हायड्रोजन नको, तो ऋण भारित गंधक आहे. अ‍ॅस्पार्टेट १२४वरही नको. लायसिन-२११ धन भारित ठेवा, कारण बीटा-लॅक्टमचा कार्बोक्सिलेट त्यालाच धरतो. प्रोपका (पीकेए, म्हणजे एखादा गट कोणत्या पीएचला हायड्रोजन सोडतो, याचा अंदाज देणारं साधन) चालवायचं तर जस्तासह चालवा. जस्त नसेल तर २०८ आणि १२४चे पीकेए भलतेच येतात.

अ‍ॅस्पॅराजीन व ग्लूटामीनचं टोक उलटंही बसवलेलं असू शकतं, कारण क्ष-किरणांना नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळपास सारखेच दिसतात. मॉलप्रोबिटी हे तपासून सांगतं. अ‍ॅस्पॅराजीन-२२०चं मात्र स्वतः बघा, तो सक्रिय जागेत आहे.

## ८. हलणारे लूप आणि शेजारी

सक्रिय जागेच्या तोंडावर दोन लूप आहेत. एल-३ म्हणजे साधारण ६५ ते ७३, आणि एल-१० म्हणजे २१०च्या पुढचा भाग, ज्यात लायसिन-२११ आणि अ‍ॅस्पॅराजीन-२२० येतात. एल-३ झाकणासारखा हलतो. वेगवेगळ्या रचना एकमेकींवर ठेवून बघा, सगळ्यात जास्त फरक तिथेच दिसेल.

त्यात एक गोम आहे. स्फटिकात रेणू एकमेकांना चिकटून असतात. एल-३ची जी ठेवण तुम्हाला दिसते ती शेजारच्या रेणूनं दाबल्यामुळेही असू शकते. पायमॉलमध्ये ५ अँगस्ट्रॉमच्या आतले सममितीचे शेजारी मागवा. शेजाऱ्याचा हात एल-३वर किंवा थेट खड्ड्यात असेल, तर त्या ठेवणीवरून मोठे निष्कर्ष काढू नका.

शिवाय हे बहुतेक स्फटिक १०० केल्विनला, म्हणजे उणे १७३ अंशांना मोजलेले असतात. शरीरात लूप यापेक्षा मोकळा असतो.

## ९. आधी जुनं उत्तर परत मिळवा

नवीन रेणू टाकण्याआधी स्फटिकातलाच रेणू बाहेर काढून पुन्हा डॉक करा. सॉफ्टवेअर जिथे शोधतं त्या चौकटीचं केंद्र दोन जस्तांच्या मध्यबिंदूवर ठेवा. बाजू २० ते २५ अँगस्ट्रॉम पुरते. पूर्ण प्रथिनावर चौकट टाकून ‘ब्लाइंड डॉकिंग’ करायची इथे गरज नाही. सक्रिय जागा कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे.

इथे तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली: फुटलेल्या अँपिसिलिनऐवजी पबकेममधलं अखंड अँपिसिलिन डॉक करून त्याची स्फटिकातल्या रेणूशी तुलना करणं. हे दोन वेगळे रेणू आहेत. रीडॉकिंगसाठी झेडझेड७च हवा, उघडलेल्या कड्यासह आणि दोन्ही कार्बोक्सिलेट ऋण भारित ठेवून.

दुसरी: आरएमएसडी (दोन स्थितींतल्या अणूंमधल्या सरासरी अंतराचा आकडा) काढण्याआधी लिगँड लिगँडवर जुळवून घेणं. पायमॉलमधली अलाइन आज्ञा रेणू हलवून छान आकडा दाखवते. रेणू जागेवरून न हलवता मोजायचं. २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तर ठीक.

तिसरी: फक्त आरएमएसडी बघणं. स्फटिकात उघडलेल्या कड्यातला नायट्रोजन झिंक-२ला धरतो, आणि जुना कार्बोक्सिलेट झिंक-२ व लायसिन-२११कडे असतो. डॉक केलेल्या स्थितीत हे बंध आहेत का? १.८ आरएमएसडी असून जस्तापासून ३.५ अँगस्ट्रॉम दूर बसलेला रेणू मी नापास करीन.

पडताळणी: एल-कॅप्टोप्रिल ३क्यू६एक्समध्ये डॉक करा आणि ४ईएक्सएसशी ताडून बघा. मग अ‍ॅव्हिबॅक्टम टाका. ते सेरीनवाल्या (केपीसी-२सारख्या, जस्ताऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल वापरणाऱ्या) बीटा-लॅक्टमेजांना अडवतं, एनडीएमला अडवत नाही. तुमच्या पद्धतीत अ‍ॅव्हिबॅक्टम कॅप्टोप्रिलच्या वर आलं, तर तुमचा स्कोअर खरा अवरोधक ओळखत नाही. मग हळदीतला किंवा तुळशीतला एखादा रेणू उणे ९.२ देतो याला काय अर्थ उरला?

स्कोअर चांगला आणि जस्ताशी अंतरही चांगलं निघालं, तरी एक शक्यता उरते: रेणू प्रयोगशाळेत एन्झाइम अडवेल, पण खड्ड्यात बसून नव्हे तर जस्त बाहेर ओढून. ईडीटीए हेच करतं. २०१४ साली दाखवलेलं अ‍ॅस्परजिलोमॅरॅस्मिन ए हे बुरशीतलं संयुगही असंच जस्त ओढून एनडीएम-१ निकामी करतं. डॉकिंग हे दोन मार्ग वेगळे करू शकत नाही. प्रयोग करणाऱ्या सहकाऱ्याला सांगा की चाचणी जादा जस्त घालूनही करून बघ. परिणाम पुसला गेला तर रेणू जस्तचोर असण्याचा संशय बळावतो.

## १०. नोंद कशी लिहायची

कार्यपद्धतीचा परिच्छेद लांब झाला तरी चालेल. नमुना देतो, आकडे तुमचे भरा:

‘पीडीबी ३क्यू६एक्स, १.३० अँगस्ट्रॉम, चेन ए. लिगँड झेडझेड७ हे जलविच्छेदित अँपिसिलिन, आरएससीसी इतका. दोन्ही जस्त ठेवले. जस्त–जस्त अंतर इतकं. जस्तांमधला ऑक्सिजन रिसेप्टर १मध्ये ठेवला, रिसेप्टर २मध्ये काढला. अमुक बफर रेणू काढले. हिस्टिडीन-१२२चा हायड्रोजन एप्सिलॉनवर. १२०, १८९ व २५०चा डेल्टावर. सिस्टीन-२०८ ऋण भारित. क्रमांक एनडीएम पद्धतीचे. रीडॉकिंग आरएमएसडी इतका, जस्ताशी अंतर इतकं. नकारात्मक तुलना: अ‍ॅव्हिबॅक्टम.’

पाचव्या पायरीतली ‘ठेवा–काढा’ यादी परिशिष्टात जोडा. तयार रिसेप्टर फाइलही सोबत द्या आणि तिच्या नावातच पीडीबी क्रमांक, चेन आणि तारीख टाका. ‘प्रोटीन_फायनल_नवीन_२’ या नावाच्या फाइलमध्ये जस्त आहे की नाही, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही.